माझ्या हातात होतं तोवर

हे मी आजवर कुणालाही त्याला कळेल अशा भाषेत सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. तो जायच्या आधी तीन दिवस त्याच्या उशाशी बसून होते, तेव्हाही नाही. मुलाला नाही. विहारातल्या बायकांना तर नाहीच. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून तुम्हाला सांगते आहे — की तुम्ही समोर नाही म्हणून? दुसरं जास्त खरं असावं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर मोठं आहे आणि ओळी वर चढत जातात. सुनेने भाजीची यादी करायला एक वही आणून दिली होती, तिच्यात मागच्या बाजूने लिहिते आहे. मुलगा ऑफिसला गेला आहे, सून बाळाला गाडीत घालून कालव्याकडे फिरायला गेली आहे. तासभर मिळेल. मघापासून दोनदा उठून चहा टाकला, तो प्यायलाही नाही. बसवत नाही.

कुठून सांगू? मी मालीशवाली होते. भुसावळला, रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये. बाळ-बाळंतिणीला तेल लावायचं, शेक द्यायचा, न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची. तीस वर्षं हेच केलं. नवरा रेल्वेत खलाशी होता, घरात खायला होतं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे तुम्ही म्हणाल, बिचारी गरीब होती, पोटासाठी तसं बोलली. पोटाचा काही संबंध नव्हता.

मुलगा इथे हॉलंडमध्ये, रायस्वाइकला असतो. सुनेचे दिवस भरत आले म्हणून मला बोलावून घेतलं. आल्या दिवसापासून तो मित्रांना फोनवर सांगायचा, "आई आली आहे, आता टेन्शन नाही. एक्स्पर्ट आहे ती. तिच्या हातून आजवर एकाही बाळाला…" तेवढ्यात मी उठून जायचे. या घरात उठून जायला फारशी जागा नाही. जिना आहे आणि संडास आहे.

सुनेला, म्हणजे प्रज्ञाला, ऑफिसातून एक कूपन मिळालं होतं. थाई मालीशचं. तिचं पोट एवढं पुढे आलेलं, तिला ते चालणार नव्हतं.

"आई, तुम्ही जा," ती म्हणाली. "आयुष्यभर दुसऱ्यांचं अंग रगडलंत, एकदा स्वतःचं रगडून घ्या."

"ती घेईल रगडून?" मुलगा म्हणाला. "पाच मिनिटांत त्या बाईलाच आडवी पाडेल आणि शिकवायला लागेल."

दोघं हसले. मीही हसले. मला जायचं नव्हतं. पण नाही म्हणायला कारण काय देणार? म्हातारीला कुणी हात लावलेला चालत नाही, असं सांगू?

ते दुकान एका सायकलवाल्याच्या शेजारी होतं. आत शिरल्याबरोबर गवती चहाचा वास आला. मालीश करणारी बाई पन्नाशीची, माझ्याहून बुटकी. तिचं नाव नोई. मी तिची मनगटं बघितली आणि ओळखलं, ही कामाची आहे. प्रज्ञा बाहेर खुर्चीवर बसून राहिली. आत नोईने मला बसवलं आणि तसराळ्यात कोमट पाणी घेऊन माझे पाय धुवायला घेतले. मी पाय ओढून घेतले. तिने पुन्हा धरले. लोकांची अंगं धुता धुता हयात गेली, पण माझे पाय कुणी धुतले नव्हते. मला बरं वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली. ही एवढं चांगलं वागते आहे, आता काहीतरी होणार.

मग ढगळ पायजमा-सदरा घालायला दिला आणि जमिनीवरच्या गादीवर झोपवलं. तेलाचा थेंब नाही. तेलाशिवाय मालीश कसली, म्हटलं. पण तिने तळव्यापासून सुरुवात केली आणि मी गप्प झाले. अंगठ्याने, मग तळहाताने, मग कोपराने, मग गुडघा रोवून. मांडीवर चक्क उभी राहिली. आणि प्रत्येक वेळी जोर टाकायच्या आधी विचारायची, "ओके?" मी मान हलवली की मगच जोर. एकदा मान हलवायला उशीर झाला, तर थांबून राहिली.

मी कधी विचारलं होतं? कुणाला विचारणार — सव्वा महिन्याच्या जिवाला? तो सांगतो, रडून सांगतो. पण मालीश करताना बाळ रडतंच, असं मीच सगळ्या आयांना सांगून ठेवलं होतं. रडलं की अंग मोकळं होतं, म्हणायचे. 

शेवटी तिने मला उठवून बसवलं. माझे दोन्ही हात मानेमागे गुंफले, पाठीला स्वतःचा गुडघा लावला आणि मला एका बाजूला पिळलं. पाठीत आवाज झाला. कट्.

त्या मालीशीत तसा आवाज निघतोच म्हणे. दुखलंही नाही. पण मी ओरडले.

आता आलंच आहे तर सांगते. नंदा म्हणून एक मुलगी होती. एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, सासरी बाळंत झालेली. माहेरी आई नव्हती. तिचा मुलगा गुटगुटीत होता. त्या सकाळी मला आणखी दोन घरं करायची होती. खरं तर एकच होतं, दुसऱ्या घराला मी होकार दिला तो मिरवायला. तिथली बाई म्हणाली होती, मावशी, तुमच्याशिवाय कुणाचा हात नको. ते ऐकायला मला फार आवडायचं. आमच्या वस्तीतल्या बाईला एरवी ज्यांच्या ओट्यावर बसायला कुणी म्हटलं नसतं, त्यांच्या न्हाणीपर्यंत मी जात होते. तेही सबब म्हणून सांगत नाही. माझ्या जागी दुसरी खरं बोललीही असती.

तर घाई होती. पाय लांब करून बसले होते, बाळ पायांवर. पालथं करायचं होतं. दोन्ही हातांनी धरायचं असतं, मान सांभाळून. हे मी दुसऱ्या बायकांना शिकवायचे. मी एका हाताने त्याचा दंड धरला आणि फिरवलं. तेलाने हात सटकला, मी घट्ट आवळून ओढलं. अंगठ्याखाली कट् झालं. बाळाचं रडणं बदललं. मला कळलं. त्याच क्षणी कळलं, यात काही शंका नव्हती.

मी काय केलं? पाणी घातलं, पुसलं, पावडर लावली. दोन्ही हात आत घेऊन दुपट्यात घट्ट बांधलं, रोजच्यापेक्षा घट्ट, आणि नंदाच्या मांडीवर दिलं. "आज जरा किरकिर करेल," म्हटलं. मग दुसऱ्या घरी गेले. तिथल्या बाळालाही तेल लावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की बाळ एक हात हलवत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, खांद्याजवळचं हाड मोडलं आहे. मी पोचले तेव्हा सासू नंदावर बरसत होती. "झोपते कशी, मढ्यासारखी. अंगाखाली घेतलंन पोराला." नंदा भिंतीशी उभी होती. सासूने मला विचारलं, "मावशी, तुम्ही सांगा. काल न्हाऊ घातलंत तेव्हा ठीक होता ना?"

मी म्हणाले, "माझ्या हातात होतं तोवर ठीक होतं."

एवढंच. नंदाचं नाव मी घेतलं नाही, तिच्याकडे बोटही दाखवलं नाही. कितीतरी वर्षं मी स्वतःला हे सांगत आले — मी तिच्यावर काही ढकललं नाही. ढकलायला उरलं काय होतं? ते पोर दोघींच्याच हातात असायचं, तिच्या आणि माझ्या.

मुलाचा हात तीन आठवड्यांत जुळला. लहान हाडं लवकर जुळतात. नंदाचं तसं झालं नाही. पोर सासूजवळ झोपायला लागलं, हिच्याकडे फक्त पाजायला. पाजताना ती पाठ भिंतीला लावून ताठ बसायची, एक पाय गारठ्यात मुद्दाम उघडा ठेवून, डोळा लागू नये म्हणून. मी रोज सकाळी बघत होते. माझं काम त्यांनी बंद केलं नव्हतं. उलट सासू म्हणायची, मावशीच्या हाताला गुण आहे, पोर वाचलं ते मावशीमुळे.

तुम्हाला वाटेल, एकदा तोंडून गेलं ते गेलं. नाही. तीन वर्षांनी नंदाला मुलगी झाली. मीच जात होते. एक दिवस न्हाणीत आम्ही दोघीच असताना तिने हळूच विचारलं, "मावशी, हिला तरी जवळ घेऊन झोपू का हो? मी आता फार सावध झोपते." बघा, कुणी ऐकणारं नव्हतं. सासू बाहेर गेलेली. एक वाक्य पुरलं असतं. मी टाळू भरत होते, मान वर केली नाही. म्हटलं, "कशाला जोखीम घेतेस? लांबच ठेव."

पहिलं घाबरून झालं, असं म्हणता येईल. हे दुसरं? तेव्हा मी घाबरले नव्हते. मला तो विषयच नको होता.

तर त्या गादीवर मी ओरडले आणि बोलायला लागले. मराठीत. नंदाचं नाव, दंड, तेल, सगळं भडाभडा. नोई समोर बसून ऐकत होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं. ती माझी पाठ चोळत "ओके, ओके" म्हणत राहिली. तिला वाटलं पाठ दुखावली. जिला भाषा कळत नाही तिला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. त्यातही मी सोय बघितली.

ती आल्याचा चहा आणायला गेली. कोपऱ्यात फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती होती, समोर फुलं. मी सवयीने हात जोडले. नोईने ते बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. चहा खाली ठेवून माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसली आणि त्रिशरण म्हणायला लागली. तिची चाल वेगळी, उच्चार वेगळे, पण शब्द आमचेच. मीही म्हणू लागले. ती इतकी खूश झाली की माझा हात धरला. मग पंचशील. पहिलं, दुसरं, तिसरं, दोघींचं बरोबर चाललं होतं. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे माझं तोंड मिटलं.

दर रविवारी विहारात म्हणते. नंदाला मुलगी झाली त्या आठवड्यातही म्हटलं असेल. कधी अडलं नाही. त्या दिवशी अडलं.

नोईला वाटलं, म्हातारी विसरली. ती हसली आणि शाळेतल्या बाईसारखी एकेक शब्द सुटा करून सांगू लागली. मुसावादा. थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पुन्हा म्हणाली. मी तिच्या मागून म्हटलं. पाचवंही म्हटलं. तिने माझ्यापुढे डोकं टेकवलं. मी वयाने मोठी ना.

"कसं वाटलं?" प्रज्ञाने विचारलं.

"बरं वाटलं," मी म्हटलं.

नात झाली. आता दीड महिन्याची आहे. मी तिला तेल लावत नाही. अंगठा दुखतो म्हणून सांगितलं. अंगठ्याला काहीही झालेलं नाही. क्रामझोर्गची बाई, म्हणजे इथे बाळंतपणानंतर आठवडाभर घरी येते ती, तिने प्रज्ञाला अंघोळ घालायला शिकवलं. मालीश प्रज्ञा फोनवर बघून करते. मी समोर हात मांडीखाली घेऊन बसते.

"आई, बरोबर आहे ना?"

"हळू."

"हळूच करते आहे."

"अजून हळू. आणि तिला विचार."

"हिला काय विचारू?" म्हणून ती हसते.

पुढच्या महिन्यात माझा व्हिसा संपतो. भुसावळला परत गेले की नंदाचं घर माझ्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. आता ती साठीपार गेली आहे. मुलाच्या लग्नात मांडवात सगळ्यांना सांगत होती, "याचा हात मी मोडला होता बरं का, झोपेत." लोक हसत होते. मुलगा म्हणत होता, "आई, पुरे गं." मी पंगतीत जेवत होते. जिलेबी वाढून घेतली.

परत गेले की तिला सांगेन, असं मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तेही खोटं ठरायचं.

आज सकाळी तिचा आवाज आला फोनवर, बोलून पाठवलेला. माझ्या मुलाने तिला नातीचा फोटो पाठवला होता. "मावशी, नात गोड आहे हो. सुनेला तेवढं सांगा, बाळाला कुशीत घेऊन झोपू नको म्हणावं. माझं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. मेली माझी झोपच वाईट."

मी दोनदा ऐकलं. प्रज्ञा समोर बाळाचे कपडे घड्या घालत होती. मग बटण दाबून धरलं आणि बोलले, "हो गं, सांगते."

दोन खुणा आल्या. थोड्या वेळाने निळ्या झाल्या. तिने ऐकलं आहे.