क्रेन मावशींची पाठ

आमच्या वॉर्डात मावशी पाच, पण 'क्रेन मावशी' एकच. पुरते पाच फूटही न भरणाऱ्या या बाई नव्वद किलोच्या पेशंटची कूस एकट्याने बदलायच्या. कुणाला तरी हाक मारा म्हटलं की म्हणायच्या, "ती येईपर्यंत माझं काम उरकतं." अठरा वर्षं हेच चाललं. मी वॉर्डची सिस्टर. मला कामं झटपट व्हायला हवी असत, म्हणून मीही कधी हटकलं नाही. आणि याहून वाईट पुढे केलं, ते सांगतेच.

एका सकाळी नऊ नंबरच्या पेशंटला वर सरकवताना मावशी मध्येच थांबल्या. आरडाओरडा नाही, पलंगाची दांडी धरून नुसत्या उभ्या. एक्स-रे काढला, तो स्वच्छ. गोळ्या घेऊन दहा दिवसांनी कामावर आल्या आणि पुन्हा कंबर धरली. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा चहाच्या वेळी सगळ्यांदेखत माझं तोंड सुटलं, "फोटोत काही नाही, मग दुखतंय तरी काय? कामाचा कंटाळा आलाय, दुसरं काय!" मावशी दारातच होत्या. त्यांनी ऐकलं आणि कप विसळायला गेल्या.

मेट्रनने सहा आठवडे दिले. तोवर कंबर सुधारली नाही, तर मावशींची रवानगी तळमजल्यावरच्या कपड्यांच्या खोलीत. पगार तोच, अंगाला झीज नाही. दुसरी कुणी उड्या मारत गेली असती. मावशी मात्र माझ्या टेबलाशी आल्या. "चादरींना काय विचारायचं, सिस्टर, बरं वाटतंय का म्हणून?" एवढंच त्या मला म्हणाल्या.

फिजिओथेरपीच्या खोलीत त्या रोज पेशंट पोचवत आणि परतताना नाक मुरडत, "हात वर, पाय खाली, पोरखेळ नुसता!" आता त्याच खाटेवर पालथं पडायची पाळी आली. तिथली डॉक्टरीण त्यांच्या मुलीच्या वयाची. तिने मणक्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे टेकवले.

"मावशी, हलायचं नाही. फक्त माझ्या अंगठ्याखालचे स्नायू हळूच फुगवा."

मावशींनी श्वास कोंडला, दात आवळले, पाठ फळीसारखी ताठ केली.

"हे वरचे मोठे स्नायू झाले. मला आतले हवेत."

"आत आणखी आहेत?"

"आहेत ना. मणक्याला मणका धरून ठेवणारे, छोटे. कंबर एकदा धरली की ते ढिले पडतात, आणि दुखणं थांबलं तरी पुष्कळदा आपोआप कामाला लागत नाहीत. मग वरचे ताठ होऊन त्यांचा भार ओढतात."

"म्हणजे आतले झोपा काढतायत आणि बाहेरचे राबून मरतायत. आमचा वॉर्डच झाला की हा!"

डॉक्टरीण हसली. मग म्हणाली, "एक्स-रेत हाडं दिसतात मावशी, हे नाही दिसत. तुमचं दुखणं खरं आहे."

त्यावर मावशी पालथ्या पडल्या पडल्या रडल्या. हे तिने मला नंतर सांगितलं. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

पुढे बारा दिवस अंगठ्याखाली काहीच हललं नाही. घरी मावशी सकाळ-संध्याकाळ सतरंजीवर पडून तेच करत. नवरा म्हणायचा, "अगं, काही हलताना दिसत नाही." "दिसलं तर चुकलं," असं त्याला ठणकावून त्या पुन्हा श्वास सोडत. तेराव्या दिवशी चण्याएवढं काहीतरी वर आलं. मग गुडघ्यांवर रांगत एक हात पुढे, विरुद्ध बाजूचा पाय मागे. मग अर्धी भरलेली बादली उचलायची. चौथ्या आठवड्यात चप्पल घालताना कंबर परत धरली. दुसऱ्या दिवशी भिंत धरत धरत त्या व्यायामाला वेळेवर हजर.

सहा आठवडे भरले, आणि परीक्षेच्या दिवशी मेट्रन वही घेऊन उभी राहिली. चार नंबरला लकव्याचे आजोबा, शंभर किलोंना टेकलेले; त्यांना कुशीवर वळवायचं होतं. बाकीच्या चौघी मावशी दाराशी जमल्या. आज क्रेन चालणार, या खात्रीने. मी टेबलाशी औषधांचे कागद भरत होते, पण लक्ष सगळं चार नंबरकडे.

मावशींनी पलंग कमरेइतका वर घेतला. आजोबांखालची चादर सारखी केली, कडा गुंडाळून मुठीत धरली आणि मान वर केली.

"सिस्टर, पलीकडून धरा."

मावशीने सिस्टरला काम सांगायचं, असं आमच्याकडे होत नाही. मेट्रनची पेन्सिल थांबली. दाराशी चार पावलांवर चौघी उभ्या होत्या, त्यांच्यातली एकही मावशींनी बोलावली नव्हती. मी उठले.

"कमरेतून वाकू नका. गुडघे सैल. श्वास सोडा. तीन म्हटलं की ओढायचं."

एक, दोन, तीन. आजोबा अलगद कुशीवर वळले. मावशींच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. मेट्रनने वहीत लिहिलं, "वॉर्डातच राहतील," एवढं म्हणाली आणि वही मिटली.

चादर हातात तशीच धरून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मावशी, त्या दिवशी चहाच्या वेळी मी जे बोलले ते चूक होतं. मला माफ करा."

"ते मागाहून," मावशी म्हणाल्या. "आधी आजोबांच्या पाठीला उशी लावा."