सर्व्हरवरचे वाल

आमचा सर्व्हर वालानं गेला. व्हायरसनं नाही, विजेच्या झटक्यानं नाही. भिजवलेल्या कडव्या वालानं.

किन्हवलीच्या घरात, मागच्या खोलीत, भाताच्या कणगीशेजारी मी एक प्रयोगशाळा थाटली होती. (मी ठाण्याच्या एका कंपनीत कंप्युटरची यंत्रणा सांभाळतो. म्हणजे ती बंद पडली की शिव्या खातो.) बढतीसाठी एक परीक्षा द्यायची होती आणि सरावाला तीन सर्व्हर हवे होते. तीन आणले असते तर सुजातानं, म्हणजे बायकोनं, चौथं सामान म्हणून मलाही अंगणात ठेवलं असतं. म्हणून एकच जुना दणकट कंप्युटर आणला आणि त्याच्या पोटात सॉफ्टवेअरनं तीन खोटे कंप्युटर उभे केले. हसू नका, आमच्या धंद्यात याला फार मान आहे! त्या खोट्यांना आपण खरेच आहोत असं वाटतं, आणि त्यांच्या पोटात आणखी खोटे कंप्युटर सुखानं नांदतात. वर साठवण अशी रचली की फाइल टाकली की तिच्या तीन प्रती होणार आणि तिघांकडे एकेक जाणार. एक मेला तरी दोघांकडे ती शाबूत!

"म्हंजे काय झाला तरी जानार नाय?" आईनं विचारलं होतं.

"जगबुडी आली तरी नाही!"

जगबुडी आली नाही. पुरचुंडी आली.

पण आधी आत्याचं सांगायला हवं. शेणव्याची माझी आत्या धवलारीण होती. लग्नात हळदीपासून धवले गायची, आणि आसपासच्या गावांत तिच्या आवाजाशिवाय हळद लागल्यासारखी वाटतच नसे. गेल्या वर्षी ती गेली. त्याच्या थोडंच आधी मी मोबाइलवर तिचे अकरा धवले रेकॉर्ड केले होते. ते सर्व्हरवर चढवले आणि मोबाइलमध्ये जागा हवी म्हणून तिथून पुसून टाकले. भीती कसली? तीन प्रती होत्या ना! आता शनिवारी आत्याच्या नातीची हळद होती. आत्याचा मुलगा रमेशदादा मला फोनवर म्हणाला होता, "मांडवात आयेचाच आवाज लावायचा. तुझ्याकडं हाय म्हनून मी निवांत हाय."

मंगळवारी संध्याकाळी कामावरून आलो, तर मागच्या खोलीत पंख्याची घरघर बंद. सर्व्हरच्या डोक्यावर ओल्या फडक्यातली टम्म पुरचुंडी, जाळीतून आत ठिबकलेलं पाणी आणि करपट वास.

"आई, हे काय?"

"वाल रे. शनवारी हळदीला बिरडा न्यायचाय. थंडीत मोड यायला चार दिस लागतात, आन् तुझी पेटी कशी मस्त गरम असते! बघ, एका दिवसात आले!"

बघितले. मोड खरोखर सुरेख आले होते. मला ओरडायचं होतं. पण ओरडलो असतो तर काय बिघडलं तेही सांगावं लागलं असतं. "छान आलेत," एवढंच म्हणालो.

तरी मी घाबरलो नव्हतो. तीन प्रती! पाटावर बसून शांतपणे हिशेब केला. पहिली प्रत पहिल्या कंप्युटरकडे, तो या पेटीत. दुसरी दुसऱ्याकडे, तोही या पेटीत. तिसरी... मी पाटावरून उठून पेटीभोवती एक फेरी मारली. कंप्युटर तीन खोटे, पेटी खरी एक, डिस्क एक! आपण खरे आहोत असं त्या तिघांना वाटत होतं ते ठीक आहे. पण मलाही तसं वाटायला लागलं होतं!

बुधवारी रजा टाकली आणि डिस्क घेऊन शहापूरला दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

"हिची सर्किटची पाटी जळलीय, आतला काय निघनार नाय," तो म्हणाला. "दुसरी कॉपी असंल ना?"

"तीन आहेत."

"मग टेन्शन कसला?"

"तिन्ही हिच्यातच आहेत."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग डिस्ककडे बघितलं, आणि दोघांत जास्त बिघाड कुठं आहे याचा अंदाज घेतला. "तुमी कामाला कुठं?" त्यानं विचारलं. मी खोटं सांगितलं.

घरी येऊन शेवटचा उपाय केला. भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात, म्हणून डिस्क तांदळाच्या डब्यात पुरली. (जळलेली वस्तू वाळवून काय होणार, हा प्रश्न बुडत्याला पडत नाही.) गुरुवारी सकाळी आईनं सुपात तांदूळ घेतले आणि मला हाक मारली.

"तांदळात खडा असतो, किडा असतो. हे काय रे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "आई, आत्याचा आवाज गेला. माझ्यामुळे. सगळे धवले गेले." लहानपणी मला मांडीवर घेऊन गाणारी आत्या मी स्वतःच्या शहाणपणानं दुसऱ्यांदा घालवली होती, आणि रमेशदादाला तोंड कसं दाखवायचं ते कळत नव्हतं.

आईनं सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले, फडताळावरचा आपला मोबाइल काढला आणि बोट लावलं. आत्या खोकली, आणि गायला लागली! अकराच्या अकरा!

"तुझ्याकडे कुठून?"

"तू आवाज भरलास त्याच दिवशी सुजाताकडनं तुझ्या फोनातनं घेतला. टोकावड्याच्या मावशीला धाडला, शेजारच्या कमळीला धाडला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलास कवा? तू जगबुडीचा सांगत होतास!" ती पुन्हा तांदूळ पाखडायला लागली. "बी कोन एका घरात ठेवतो का रे? आपल्याकडं थोडा, मावशीकडं थोडा, शेजारी थोडा. उंदीर सगळ्यांकडं एकाच दिवशी येत नाय."

एवढंच वाक्य शिकायला मी परीक्षेचं जाडजूड पुस्तक वाचत होतो.

शनिवारी मांडवात आत्याचा आवाज घुमला. रमेशदादा डोळे पुसत सगळ्यांना सांगत सुटला, "आमच्या या कंप्युटरवाल्यानं सांभाळला बरा का!" मी आईकडे बघितलं. आई बिरडं वाढत होती. घरी येताना मी नमतं घेत म्हणालो, "आई, धवल्यांची चौथी प्रत माझ्याकडे ठेवू?"

"नको रे बाबा," ती म्हणाली. "तुझ्याकडं वाल ठेवत जाईन."

आता मी दुसरा कंप्युटर घेतला आहे. आल्यागेल्यानं "नवा सर्व्हर कसा चाललाय?" असं विचारलं, की मी तोंड उघडायच्या आत आईच सांगते, "मटकीला बरा हाय. वालाला जरा कमी तापतो."