पुठ्ठ्यावर उतरलेला सूर्य

शिरड शहापूरजवळच्या तांड्यात निता राठोड ब्लाउज शिवते. नवं यंत्र हाती आलं की आधी ते उलगडून बघायचं, हा तिचा स्वभाव. मशीन अडलं तर ती मिस्त्रीची वाट बघत बसत नाही. त्यामुळे तिच्या हट्टापायी नवऱ्याने, संतोषने, मोबाइलवरून दुर्बीण मागवली, तेव्हा तिने त्याला खोक्याला हातसुद्धा लावू दिला नाही.

पहिले काही दिवस दुर्बिणीने तिला चांगलंच नाचवलं. चंद्र नुसत्या डोळ्यांना ढळढळीत दिसायचा आणि भिंगात काळोख. मग निताने दिवसाउजेडी सुरुवात केली. तिवईचे पाय फाकवून स्लॅबवर पक्के केले, सगळ्यात कमी मोठं दाखवणारं भिंग लावलं आणि गावातली पाण्याची टाकी बरोबर मधोमध आणली. नळीवर नेम धरायला एक छोटी दुर्बीण असते. तिचे स्क्रू पिळत तीच टाकी तिच्याही भिंगातल्या फुलीवर बसवली. त्या संध्याकाळी चंद्र पहिल्याच झटक्यात सापडला.

"आता बराबर जमलं," ती म्हणाली.

खोक्यात सूर्य बघायची म्हणून एक काळी काचही आली होती. उन्हाच्या तापाने ती तडकते आणि डोळा तर तिला चिकटलेलाच असतो, हे निताने वाचलं. तिने काच हातोडीने फोडून टाकली.

बावीस सालच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्यग्रहण आलं. ऊन कडक होतं तेव्हाच निताने गच्चीवर मांडामांड केली. नेमाच्या दुर्बिणीला टोपण घातलं. नळी अजून सूर्याकडे वळवायची होती, तेवढ्यात सासरे रतनसिंग जिना चढून आले. त्यांना एका डोळ्याने धूसर दिसायचं, सगळा भरवसा दुसऱ्यावर. आले ते सरळ भिंगाशी वाकले.

निताने भिंगावर तळहात ठेवला.

"मामा, न्हाई."

तिने सासऱ्याला असं अडवलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"काहून? सारा जलम उन्हात गेला माझा. सूर्य मला नवा हाय का?"

"रानातलं ऊन येगळं. हे नळीत गोळा होऊन येतं."

"सून मला शिकवून राहिली," रतनसिंग तिथेच उभ्या संतोषला म्हणाले.

निताने वाद वाढवला नाही. नळीत न डोकावता ती नळीची भिंतीवरची सावली बघत नळी फिरवू लागली. लांबट सावली आखडत आखडत गोल झाली, म्हणजे नळी सूर्यावर बसली. मग काळ्या कापडाची एक चिंधी चिमट्यात धरून तिने डोळा लावायच्या जागी नेली. चिंधीतून धूर निघाला. बघता बघता तिला भोक पडलं.

"इथं तुमचा डोळा असता, मामा."

रतनसिंगांच्या चेहऱ्यावरचा राग तसाच होता, पण पाय जिन्याकडे वळले नाहीत. निताने पांढरा पुठ्ठा त्यांच्या हातात दिला आणि भिंगापासून वीतभर लांब धरायला लावला. चित्र स्पष्ट करायची चक्री जराशी फिरवताच पुठ्ठ्यावर लखलखीत चकती उमटली. ती सारखी सरकायची, निता नळी हळूच ढकलून तिला परत आणायची. मध्येच नळीचं तोंड झाकून तिला थंड होऊ द्यायची. ऊन उतरू लागलं तशी चकतीची कड कुणी चावा घेतल्यासारखी तुटत गेली.

"खाऊन राहिलं की!" म्हातारा ओरडला.

ओरडा ऐकून शेजारची जनकाबाई वर आली आणि भिंगाकडे वाकू लागली. रतनसिंगांनी पुठ्ठा मध्ये घातला.

"मागं सर! आंधळी व्हशील. निता सांगंल तसंच बघायचं."

निताने सरकलेली चकती परत पुठ्ठ्यावर आणली.

चार-पाच दिवसांनी संध्याकाळी चंद्राची कोर दिसू लागली, तेव्हा तिने तिवईचे पाय आखूड केले आणि सासऱ्यांसाठी स्टूल मांडलं. आता डोळा लावायला भीती नव्हती. रतनसिंग बराच वेळ भिंगाला चिकटून राहिले.

"पडीक रान हाय सगळं," शेवटी ते म्हणाले, "नुसते खड्डे."

आणि उठायचं नाव घेईनात.