टेकडीवरचा पुसट चेहरा

गेली काही वर्षं मी कुठंही जायच्या आधीच तिथं जाऊन आलेलो असायचो. सुरतेत पांडेसऱ्यातल्या मिलच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर नकाशा उघडायचा, त्यात रस्त्यांचे फोटो असतात त्यांत शिरायचं आणि बाण दाबत पुढं जायचं. द्वारकेला कोणत्या वळणावर चहाची टपरी आहे हेसुद्धा मला निघण्याआधी ठाऊक होतं. बायको म्हणाली, "तुम्ही बघून आलात ना, मग आम्हालाच पाठवायचं होतं." मी हसलो. पण खरंच, त्या प्रवासात मला नवं काही दिसलं नव्हतं.

आमची कुळदेवी साक्रीकडे, एका लहानशा टेकडीवर आहे. माझी मुलगी जन्मली तेव्हा फार अशक्त होती. आईनं नवस केला, ही जगली तर माझा मुलगा अनवाणी टेकडी चढून तुझी ओटी भरेल. मुलगी आता कॉलेजात जाते. मी गेलो नव्हतो. पुढच्या चैत्रात जाऊ, असं दर चैत्रात म्हणायचो. सुट्टी मिळत नाही हे कारण खोटं होतं. तो रस्ता मी मोबाईलवर इतक्यांदा पाहिला होता, की जाऊन आल्याचं समाधान बसल्या जागी मिळत होतं. हे आजवर कुणाला बोललो नाही.

मागच्या उन्हाळ्यात आई मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, लवकर ऑपरेशन करा, नाहीतर त्या पुन्हा चालणार नाहीत. आई ऐकेना. घरी ती अहिराणीच बोलते. "नवस बाकी शे. तो फिटू दे, मंग काय करनं ते करा."

मला एक युक्ती सुचली. त्यात भक्ती काही नव्हती, तिला कसंतरी राजी करायचं होतं. दवाखान्यात तिच्या पलंगाशेजारी बसून मोबाईल तिच्यासमोर धरला आणि गावच्या फाट्यापासून निघालो. बाभळी, शाळेची भिंत, पाण्याची टाकी. "हळू चाल," आई म्हणाली, "आनी ते पायातलं काढ." वॉर्डातल्या फरशीवर मी बूट काढले. टेकडीच्या पायथ्याशी बाण संपले. मोबाईल ठेवणार, तेवढ्यात वर एक निळा ठिपका दिसला. इतक्या वर्षांत तो मला कधी दिसला नव्हता. कुणी अनोळखी माणसानं गाभाऱ्यापुढं उभं राहून चहूबाजूंचा फोटो काढून तिथं ठेवला होता. त्याची सावली उंबऱ्यावर पडली होती.

मी चित्र मोठं केलं. शालू, बांगड्या, लिंबांची माळ सगळं स्पष्ट; चेहरा तेवढा धुरकट. रस्त्यावरच्या माणसांची तोंडं नकाशाचं मशीन आपोआप पुसतं, त्यानं देवीलाही माणूसच धरलं होतं. आईनं चष्मा वरखाली करत बराच वेळ पाहिलं.

"तोंड झाकी लिधं तिनी. रुसेल शे तुन्हावर."

"आई, ते मशीन करतं आपोआप."

"मशीनले जित्ती बाई दिसनी, म्हनीसनच झाकं ना?"

मशीनला ती जिवंत बाई दिसली, म्हणूनच झाकलं, असं आईचं म्हणणं. आईनं हात जोडले. मग म्हणाली, "मी जास ऑपरेशनले. तू जाय तिकडे."

ऑपरेशन नीट पार पडलं. ती वॉकर धरून चार पावलं टाकू लागली तसा मी निघालो. बाभळी, भिंत, टाकी, सगळं फोटोतल्यासारखंच होतं. पायथ्याशी चपला काढल्या आणि पहिल्याच पायरीला पाय पोळला. दगड तापतात हे मला माहीत नव्हतं. वर उंबऱ्यावर माझी सावली पडली, त्या माणसाची पडली होती तिथंच. तो कोण, ते कधी कळणार नाही. आधी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला. ओटी भरली, मान वर करणार तोच डोळे आपोआप मिटले. इतकी वर्षं सगळं आधी पाहून ठेवायची धडपड करणाऱ्या मला त्या वेळी काहीच पाहायचं उरलं नव्हतं. जे काय ते तिनं पाहावं, असं वाटलं. मागून कुणीतरी म्हणालं, "दादा, पुढं सरका," तेव्हा बाजूला झालो. मोबाईल खिशातच राहिला.

सुरतला परतलो तर आई वॉकर धरून दारात उभी.

"देवी दिसनी का?"

"नाही गं. डोळेच मिटले."

आई हसली. "मंग भेटनी."