मावशी गप्प राहिली

शाळेत तिला सगळे मावशी म्हणत. वर्ग झाडायचे, फरशी पुसायची, संडास धुवायचे, पोरं ओकली तरी नाक मुरडायचं नाही. पगार तुटपुंजा, पण लेकीची फी माफ. ही लेक, भिंगरी, नववीत होती.

गल्लीत नशेची पावडर आली आणि एकेक घर पोखरत गेली. मावशीचा थोरला गोदामात हमाली करायचा. काम सुटलं आणि तोही नादी लागला. घरातला कुकर गेला, पंखा गेला. तो तलफेने तडफडू लागला की भिंगरी दाराला पाठ लावून त्याला अडवी. झोपेचं खोबरं झालेलं, त्यामुळे वर्गात डुलक्या. कुणी हसलं की ती अंगावर धावून जाई. एका मुलीने तिला ‘गर्दुल्ल्याची बहीण’ म्हटलं, तेव्हा भिंगरीने तिचा ओठच फोडला.

मग दप्तरं तपासली गेली. भिंगरीच्या कंपासपेटीत पुडी निघाली.

मुख्याध्यापिकाबाईंनी मावशीला बोलावलं. ती हातातल्या ओल्या फडक्यासकट आत गेली.

“दादाची आहे,” भिंगरी म्हणाली. “त्याच्या खिशातून काढली. गटारात टाकणार होते.”

“खरं का हो, मावशी?”

मागच्या वेळी पोलिसांनी थोरल्याला धरून नेलं आणि मारून सोडलं, तेव्हा त्याला धड उभंही राहता येत नव्हतं.

“नाही बाई. आमच्या घरात असलं काही नसतं.”

भिंगरीने आईकडे पाहिलं.

“इतर मुलांचाही विचार करावा लागतो,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी दाखला काढायला सांगितलं. एका बिल्डरच्या दहावीतल्या मुलाकडेही तसलीच पुडी सापडली होती. त्याला गुपचूप डॉक्टरांकडे पाठवलं आणि परीक्षेला बसवलं. हे ज्या बैठकीत ठरलं, तिचा चहा मावशीनेच नेला होता.

थोरला तरीही सुटला नाही. गाड्यांच्या बॅटऱ्या चोरताना सापडला आणि तुरुंगात गेला. भिंगरी बाटल्या धुण्याच्या कारखान्यात लागली. सोड्याच्या पाण्याने तिच्या बोटांची सालं निघत.

एका सकाळी मावशीने धीर करून विषय काढला. “मी बाईंशी बोलते गं. घेतील परत.”

“काय सांगशील?”

मावशी फडकं घेऊन ओटा पुसू लागली. भिंगरीने चपला पायात सरकवल्या आणि ती कारखान्याच्या पाळीला निघून गेली.