अळ्यांच्या डब्यातली धपाटी

धाराशिवच्या स्टँडवर बस बदलली तेव्हा मांडीवर स्टीलचा डबा होता आणि डब्यात अळ्या होत्या. शेजारच्या आजींनी "आत काय हाय, बाई?" म्हणून विचारलं, तर मी खरं सांगून टाकलं. त्यांनी पदर आवरून जागा बदलली. मला ऐसपैस बसता आलं.

ओला कचरा काळ्या सैनिक माशीच्या अळ्यांना खाऊ घालायचा, अळ्या कोंबड्यांना आणि उरलेलं खत शेताला, हे शिकवत मी गावोगाव हिंडते. ईटच्या लक्ष्मीबाईंच्या कचऱ्याच्या पेटीत अळ्या मावेनात. माकणीच्या रेहानाभाभींच्या मात्र सगळ्या मेल्या. पाहुणे येणार म्हणून त्यांनी पेटीत फिनेल ओतलं होतं! मग कचरा कुजला, गल्लीभर वास सुटला आणि शेजारचे तात्या पेटी हलवायचीच म्हणून हटून बसले. म्हणून विरजण न्यावं तशी मी लक्ष्मीबाईंच्या अळ्या घेऊन निघाले होते.

माकणीत पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. भाभींनी पेटी धुऊन वाळवली होती. वांग्याची देठं, कलिंगडाच्या साली पसरून आम्ही वर अळ्या सोडल्या. त्या लगेच खाली शिरल्या. तात्या नाकाला उपरणं लावून लांब उभे.

"घाण ती घाणच, मॅडम," ते म्हणाले.

मी निघाले तर भाभींनी डबा राखेनं घासला, उकळत्या पाण्यानं धुतला आणि त्यात धपाटी (ज्वारी-बेसनाची तिखट थालीपिठं) भरली.

"रिकामा डबा माघारी कसा धाडायचा, ताई? लक्ष्मीबाईला द्या. तुमीबी एक खावा की."

उघडा डबा माझ्यापुढं आला. गल्ली बघत होती. 'अळ्यांची कसली किळस?' असं गावोगाव सांगणारी मी, आता डब्याच्या कडा निरखू लागले. नको म्हटलं असतं तर पेटी संध्याकाळपर्यंत उकिरड्यावर गेली असती आणि भाभींचं गल्लीत हसं झालं असतं. मी एक उचलून खाल्लं. लसूण झकास लागला होता.

तात्यांनी उपरणं खाली घेतलं. "मला न्हाय का?"

भाभींनी डबा पुढं केला. तात्या चावता चावता म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पेटी. वास आला तर म्या हायच."

परतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली. मन निवांत होतं. इतकी वर्षं तक्ते दाखवून मी लोकांना पटवते. तुम्हाला स्वतःला पटलंय का, हे कुणी विचारलं नव्हतं. लोहाऱ्याच्या पुढं भूक लागली. आता कुणी बघत नव्हतं. लक्ष्मीबाईंपुरती धपाटी ठेवून मी त्याच डब्यातलं आणखी एक खाल्लं.