वाऱ्यावर उडालेली फारशी पोथी

घोव गेला तेव्हा दोन पोरं पदरात. मी आळीतल्या चाचांकडं धुण्याभांड्याला लागले. पोरांची दोन वक्ताची पेज तिथनंच सुटायची. चाचा फारशी शिकलेले. दर गुरुवारी दुपारी पडवीत माणसं जमायची आणि चाचा जुनी फारशी पोथी काढायचे. वली लोकांची, म्हंजे पीर-संतांची चरित्रं. दोन ओळी फारशीत, मग आपल्या बोलीत. मला अक्षर येत नाय, पण भांडी घासायची थांबायचे मी.

त्या पावसाळ्यात पोथीला बुरशी धरली. चाचा नाटे गावाला मयताला गेलेले. श्रावणातलं ऊन पडलं, म्हटलं सुकवते. शिवण कुजलेली, पानं सुटी आली. अंगणात मांडली आणि दर्यावरनं असा वारा आला, सगळे वली उडाले! कोण शेवग्यावर, कोण कोंबड्यांत. मी आणि चाची लुगडी खोचून मागं.

"अगो, त्यो बघ आडात चालला, धर त्याला!" चाची ओरडली आणि हसत खालीच बसली. मला मात्र एकच धास्ती. हे घर सुटलं तर पोरांना काय घालू?

पानांवर आकडे नाय. चाचीला बारीक दिसेना. मग बघते तर पानाच्या तळाला कोपऱ्यात एकच शब्द, तिरका. तसाच दुसऱ्या एका पानाच्या माथ्यावर; म्हंजे ते ह्याच्या पुढचं पान. एक बोंबलासारखा वाकडा, वर तीन टिंबं. बसले जुळवत, मासळी निवडावी तशी. दोन दिवस लागले.

गुरुवारी चाचा वाचायला बसले. एक वली वारले, कफन घातलं, बाया डोळे पुसायला लागल्या. चाचांनी पान उलटलं. वली बायकोला म्हणतात, सालन खारट झालंय.

चाचा थांबले. पान मागं, पान पुढं.

चाची म्हणाली, "बघा! कफनातनं पण बायकोला नावं ठेवतोय!"

पडवी हसून लोळली. मी राखेचे हात पुसत पुढं झाले. "चाचा, पानं मी लावली. वाऱ्यानं उडाली व्हती. तळचा शब्द माथ्याशी जुळवला."

चाचांनी पोथी चाळली. "दोन पानांखाली सारखाच शब्द हाय, तिथंच फसलीस. बाकी सगळं बरोबर." आणि स्वतःच असे हसले की टोपी मांडीवर पडली.

"उद्या कामाला येऊ ना?" मी विचारलं.

"उद्या कशाला? आत्ताच सुई-दोरा आण. शिवायला तूच बस."

मी आत पळाले, तर हसण्यानं सुईत दोरा काय जाईना.